सातव्या नकाशातला शिलेदार

"मॅडम, हा आजपण मेला," असं म्हणून संग्रामने कानावरचे हेडफोन काढले आणि टेबलावर पालथे ठेवले.

सकाळचे अकरा वाजले होते. माझा चहा अजून कपात होता. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, मेला तर मेला, परत सुरू कर, खेळच आहे तो. तो हसला नाही. एरवी माझ्या टोमण्यांवर हसणारा तो ऑफिसातला एकटाच मुलगा होता. त्या दिवशी त्याने पडद्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "नऊ दिवस झाले. माझंच काहीतरी चुकतंय."

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. एरंडवण्यात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाषांतराचं आमचं छोटंसं ऑफिस होतं आणि मी तिथे जपानीचं काम बघायचे. त्याआधी बावीस वर्षं मी जपानी शिकवलं होतं. दुसऱ्याच्या चुका काढणं माझ्या अंगात इतकं मुरलेलं की घरात मोलकरणीलाही मी क्रियापदं सुधारून द्यायचे. टोकियोच्या एका कंपनीने प्रयोग म्हणून आपल्या एका व्हिडिओ गेमची मराठी आवृत्ती करायला घेतली आणि ते काम आमच्याकडे आलं. खेळाला मी नाव दिलं होतं 'राखेचे शिलेदार, भाग दुसरा'. मी त्याच्या नऊ हजार ओळी मराठीत आणल्या. संग्राम निकम तो खेळून तपासत होता. सव्वीस वर्षांचा, सातारा जिल्ह्यातला. घरटी एक माणूस फौजेत, अशा गावातला.

खेळ चौकटींच्या नकाशावरचा, बुद्धिबळासारखा पाळीपाळीने चालणारा. खेळणारा म्हणजे सेनापती. रात्री छावणीत शेकोटीभोवती शिलेदार बसतात, बोलतात, भांडतात, आणि सकाळी लढाईला निघतात. निघताना प्रत्येक जण सेनापतीला एक वाक्य बोलतो. लढाईत जो मेला तो मेला. पुढच्या डावात तो परत उठून येत नाही, आणि शेकोटीभोवतीची त्याची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. बाकीचे ती जागा ओलांडत नाहीत, वळसा घालून जातात. मी सगळं भाषांतर मख्खपणे केलं होतं, पण हे पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं होतं.

शुक्रवारपर्यंत आम्हाला खेळाची बलस्थानं आणि उणिवा असा अहवाल पाठवायचा होता. संग्रामने तो जवळजवळ लिहून ठेवला होता, आणि चांगला लिहिला होता. पहिल्या भागापेक्षा माणसं खरी वाटतात, असं त्याने म्हटलं होतं. इथे जिंकल्याचा आनंद होत नाही, कोण उरलं ते आधी मोजावंसं वाटतं, हे त्याने बलस्थानात घातलं होतं. उणिवांत त्याने हातचं राखलं नव्हतं. शत्रूची पाळी चालते चार-चार मिनिटं, तोवर माणूस भाजी निवडून घेईल. नकाशे इतके काळे की दरी कुठे आणि वाट कुठे कळत नाही. एकच दलदल तीनदा लढायला लावली आहे. आणि शेवटी खाली लिहिलं होतं: सातव्या नकाशात शिगेला वाचवता येत नाही.

हा शिगे म्हणजे सैन्यातला उत्तम तिरंदाज. टोकियोकडून आलेल्या यादीत स्पष्ट होतं की सातव्या नकाशात शिगेला जिवंत ठेवून पुढचं प्रकरण तपासा. म्हणजे त्याला जिवंत ठेवता येत होतं. संग्रामने त्याला सगळ्यांच्या मागे ठेवून पाहिलं, डोंगरावर चढवून पाहिलं, चार जणांच्या कड्यात ठेवून पाहिलं. कुठून तरी एक बाण यायचा आणि शिगे पडायचा. त्यातून भरीस भर म्हणजे शिगेचा आवाज संग्रामचाच होता. खरे नट मिळेपर्यंत कच्चे आवाज ऑफिसातल्यांनीच द्यायचे असं ठरलं होतं. नऊ दिवस तो स्वतःच्याच आवाजात निरोप घेत होता आणि तासाभराने मरत होता.

आमचे मालक सबनीस. माणूस वाईट नव्हता, पण टोकियोचं नाव निघालं की त्यांचा धीर सुटायचा. त्या सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मुलाला जमत नसेल तर दुसरा तपासनीस बघू, सोमवारपासून त्याला थांबवू. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत कळ काढा, मी विचारते त्यांना.

मी टोकियोच्या मोरीसानना पत्र लिहिलं. दुपारी उत्तर आलं, फार सभ्य. जपानी माणूस तुमची चूक दाखवताना आधी स्वतः माफी मागतो. मोरीसाननीही मागितली होती, आणि मग एकच प्रश्न विचारला होता. निघतानाचं वाक्य आपल्या तपासनीसांच्या लक्षात येत नाही का?

मी नऊ हजार ओळींचा तक्ता उघडला आणि निघतानाची वाक्यं शोधली. मूळ जपानीत ती दोन प्रकारची होती. बहुतेक शिलेदार म्हणत होते 'इत्ते कुरु', म्हणजे जाऊन येतो. काही थोडे, कधीतरी, म्हणत होते 'इकु'. म्हणजे नुसतं जातो. जो 'इकु' म्हणेल तो त्या लढाईतून परत येणार नाही, तुम्ही काहीही करा. त्याला वाचवायचं तर एकच उपाय, त्या दिवशी त्याला छावणीतच थांबवायचं. खेळात हे कुठेही सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्याने ऐकायचं, एवढंच. खेळाचं सगळ्यात मोठं बलस्थान तेच होतं.

आणि मी दोन्ही ठिकाणी लिहिलं होतं 'येतो'.

एक-दोनदा नव्हे, एक्केचाळीस ओळींत. आपल्यात घरातून निघताना 'जातो' कोण म्हणतं? पोराने म्हटलं तर आई तिथल्या तिथे दटावते, जातो म्हणू नये, येतो म्हण. माझ्या हाताने 'जातो' लिहिलंच नव्हतं. लिहिताना क्षणभर अडखळलेही नव्हते, हे जास्त लागलं. शिगे नऊ दिवस ओरडून सांगत होता आणि त्याच्या तोंडावर हात माझा होता.

आता खरं सांगायचं तर मी तेव्हाच उठून संग्रामकडे जायला हवं होतं. गेले नाही. बावीस वर्षं लोकांच्या चुकांवर लाल रेघा ओढलेली बाई, तिला स्वतःची चूक सव्वीस वर्षांच्या पोरासमोर कबूल करायची लाज वाटली. गुरुवारी दिवसभर मी तक्ता गुपचूप दुरुस्त करत बसले, आणि पलीकडे तो मान मोडून तोच नकाशा खेळत होता. संध्याकाळी निघताना त्याचे डोळे सुजलेले दिसले. मी विचारलं, बरं नाही का? तो म्हणाला, "काही नाही मॅडम. त्याला सोडून पुढे जाववत नाही."

शुक्रवारी सकाळी मी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. चूक माझी, तुझी नाही, हे दोनदा सांगितलं. मला वाटलं तो चिडेल, निदान सुटकेचा श्वास तरी टाकेल. तो पडद्यावरच्या शिगेकडे वळला.

"म्हणजे तो सांगत होता," तो म्हणाला.

"हो."

"आणि थांबवलं असतं तर वाचला असता."

"खेळात," मी म्हटलं. का कोण जाणे, तो शब्द मी जोडला.

दुरुस्त ओळी नव्याने बोलून घ्यायच्या होत्या. आमची बोलायची खोली म्हणजे एक अडगळीची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. संग्राम आत माइकसमोर उभा राहिला, मी बाहेर काचेपाशी. ओळ साधी होती: 'बरं सेनापती, जातो.' त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "बरं सेनापती, येतो." मी म्हटलं, अरे, तेच तर बदलायचंय. तो पुन्हा म्हणाला, येतो. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा तो नुसताच उभा राहिला. मला वाटलं, त्याचीही जीभ माझ्यासारखीच वळत नसेल. मी आत गेले आणि विनोद करून म्हटलं, चल, मी म्हणते तसं माझ्यामागे म्हण.

तो भिंतीवरच्या गादीला टेकून खाली बसला आणि बोलायला लागला. ऑफिसातलं घासूनपुसून घेतलेलं बोलणं बघता बघता गळून पडलं.

त्याचा थोरला भाऊ हणमंत, घरात आण्णा म्हणत, फौजेत होता. आईवडील नव्हते. घरात आण्णाची बायको रेश्मा आणि संग्राम, दोघंच. नऊ वर्षांपूर्वी आण्णा सुट्टी संपवून निघाला. जीप ठरल्या वेळेच्या तासभर आधीच आली. रेश्मावहिनी नदीवर धुणं धुवायला गेलेली. आण्णाने तिची थोडा वेळ वाट पाहिली, मग पेटी उचलली, संग्रामच्या डोक्यावर हात ठेवला.

"आणि म्हणला, 'बरं, जातो मग.' आमच्यात कुणी तसं म्हणत नाही, मॅडम. आण्णा तर नाहीच. मला खटकलं. म्हणावंसं वाटलं, आण्णा, जरा बस, पाणी पी, मग नीघ. सतरा वर्षांचा होतो. लाज वाटली. बायकांसारखं काय थांबवायचं म्हणून गप बसलो."

पाच मिनिटांनी वहिनी ओल्या साडीने धावत आली. जीप फाट्याच्या पुढे गेली होती. तिने विचारलं, काय म्हणाले?

"मी म्हणलं, 'येतो म्हणाला.' तिला दुसरं काय सांगणार?"

दीड महिन्याने वरच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. पाच जण त्याखाली गेले, तिघं सापडले. आण्णा सापडला नाही. तेव्हापासून वहिनी वाट बघत होती. कुंकू लावत होती, वटपौर्णिमा करत होती. सात वर्षं उलटल्यावर त्याला मृत समजावं म्हणून एक कागद आला. त्यावर तिची सही हवी होती. गावातली मोठी माणसं येऊन समजावून गेली, माहेरची आली. ती सगळ्यांना एकच सांगायची. येतो म्हणून गेलेत, मी सही कशी करू? एकदा फक्त तिने संग्रामला बाजूला घेऊन विचारलं होतं, नक्की तेच म्हणाले ना रे? आणि त्याने मान हलवली होती.

"एकतीस वर्षांची आहे ती," संग्राम म्हणाला. "माझ्या शब्दावर बसलीये."

आम्ही दोघांनी एकाच शब्दाचं एकच भाषांतर केलं होतं. मी तक्त्यात, त्याने दारात. माझी चूक दोन दिवसांत दुरुस्त होत होती.

तो उठला आणि माइकसमोर गेला, मी परत काचेबाहेर. 'बरं सेनापती, जातो.' ह्या वेळी जो आवाज आला तो संग्रामचा नव्हता. जाडसर, सावकाश, जरासा हसरा. मी पुन्हा घे म्हटलं नाही.

दुपारी नवीन ओळ खेळात चढली. छावणीत सकाळ झाली, शिलेदार एकेक करून बोलून गेले, शिगे पुढे आला आणि त्याच आवाजात म्हणाला, जातो. संग्रामने बटण दाबून त्याला छावणीत थांबवलं. त्याच्याविना लढाई अवघड गेली, पण तासाभरात जिंकली. इतके दिवस अडलेलं काम झालं. सबनीस स्वतः येऊन पाठ थोपटून गेले, सोमवारची गोष्ट त्यांनी काढलीच नाही.

मग आम्ही पुढचं प्रकरण तपासलं. शेकोटी पेटली. शिगे आपल्या जागेवर बसला होता, जिवंत. संग्रामने त्याच्याजवळ जाऊन बोलायचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मी तक्ता काढून बघितला. सातव्या नकाशानंतर शिगेच्या नावापुढे एकही ओळ नव्हती. ज्यांनी खेळ लिहिला त्यांनी वाचलेल्या माणसाला पुढे बोलायला काही लिहिलंच नव्हतं. तो शेवटच्या प्रकरणापर्यंत तसाच बसून राहतो, कुणी हाक मारली तरी तोंड उघडत नाही. संग्रामने उणिवांतली जुनी ओळ खोडून नवीन लिहिली: शिगेला वाचवता येतं, पण तो परत येत नाही. मी ती तशीच जपानीत घालून पाठवली.

शनिवारी तो गावी गेला. मला त्याने विचारलं नव्हतं, मीही सल्ला दिला नव्हता. निघताना फक्त एवढंच म्हणाला की वहिनीला सांगतो. सोमवारी तो आला नाही, मंगळवारीही नाही. फोन बंद. सबनीस कुरकुरायला लागले. माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. हे मी काय करून बसले? नऊ वर्षं एका बाईचं घर एका शब्दावर उभं होतं, आणि मी माझी व्याकरणाची चूक सुधारायला गेले.

बुधवारी दुपारी बाराच्या सुमारास जिन्यावर चपला वाजल्या. संग्राम आत आला आणि मागोमाग एक बाई. उंच, सावळी, कपाळावर कुंकू, हातात प्लॅस्टिकची फाइल. तो म्हणाला, मॅडम, ही वहिनी. एवढं सांगून तो बाहेरच्या गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. तिने पाणी घेतलं, खाली ठेवलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"तुम्ही भाषा शिकवता म्हणे, बाई."

मी हो म्हटलं.

"मग मला एक सांगा. माणूस चुकून 'जातो' म्हणू शकतो का?"

मी पुष्कळ उत्तरं देऊ शकले असते. घाईत होते म्हणा, फौजेत हिंदी बोलून सवय मोडते म्हणा. 'हो' म्हणायला तर काहीच लागत नव्हतं, ती त्या एका 'हो'साठीच साताऱ्याहून आली होती. बाहेर संग्राम कठड्याला टेकून आमच्याकडे पाठ करून उभा होता.

"मी नऊ हजार ओळी लिहिल्या," मी म्हटलं. "त्यात जिथे 'जातो' हवं होतं तिथे एक्केचाळीस वेळा चुकून 'येतो' लिहिलं. चुकून 'जातो' एकदाही लिहिलं गेलं नाही."

तिने ते नीट ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना कळलं होतं."

"मला तसं वाटतं."

"आणि हा पोरगा नऊ वर्षं एकटाच ते घेऊन बसला." तिने गॅलरीकडे पाहिलं. "मी त्याच्यावर हात उगारला शनिवारी. मारलंसुद्धा. मग दोन दिवस आम्ही दोघंही जेवलो नाही."

तिने फाइल उघडून एक कागद माझ्यासमोर ठेवला. इंग्रजीत होता. दोन वर्षं घरात पडलेला, घडीवर विरलेला. खाली सहीची जागा कोरी होती.

"मला हे वाचता येत नाही," ती म्हणाली. "ज्यांनी ज्यांनी वाचून दाखवलं त्यांनी मऊ करून सांगितलं. तुम्ही वाचा. शब्द बदलू नका."

मी वाचायला लागले. एकेक ओळ इंग्रजीतून मराठीत आणत गेले. हणमंत निकम, हुद्दा, पलटण, चौकी, तारीख. मग ती ओळ आली आणि माझी जीभ सवयीने 'गेले'कडे वळली. 'वारले', 'देवाघरी', 'आपल्यात नाहीत', किती शब्द आहेत आपल्याकडे, सगळे रांगेत उभे राहिले. मी थांबले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मेले आहेत असं धरण्यात यावं," मी वाचलं.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

तिने पेन मागितलं. सहीच्या आधी नाव लिहायची ओळ होती. ती शाळेत जाणाऱ्या मुलीसारखी वाकून, वळणदार अक्षरात लिहायला लागली. 'सौ. रेश्मा हणमंत निकम.' लिहून झाल्यावर सहीकडे जाणारा तिचा हात मध्येच थांबला. पेनाचं टोक परत मागे आलं, त्या पहिल्या अक्षरावर, आणि तिथेच टेकून राहिलं. कागदावर शाईचा बारीक ठिपका पसरायला लागला.

"हे खोडावं लागेल ना?" तिने मला विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा कुणाची चूक दाखवायला माझा आवाज फुटला नाही. मी मान हलवली. तिने 'सौ.'वर एक रेघ मारली, सरळ, पट्टीने ओढल्यासारखी, आणि सही केली.